न ढकलता पडणारी माणसं

मी ज्यांचा सगळ्यात जास्त ऋणी आहे, त्या वंदनाताई साळवे गेल्याची बातमी मला एका जाहिरातीतून कळली. कंपनीची बस हिंजवडीच्या चौकात नेहमीसारखी अडकली होती आणि मी फोन चाळत होतो. एक पोस्टर आलं. डाव्या कोपऱ्यात ताईंचा फोटो, पासपोर्टाला लावतात तेवढा. उजवीकडे काळा पट्टा बांधून, हाताची घडी घालून उभा असलेला त्यांचा शिष्य विक्रांत, थेट गुडघ्यापर्यंत. मध्ये 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली पेटत्या पणतीचं चित्र आणि पणतीच्या खाली 'नवीन बॅच लवकरच, प्रवेश मर्यादित'. आधी वाटलं, कुणीतरी चावटपणा केलाय. मग काकांना, म्हणजे ताईंच्या यजमानांना, फोन लावला. ते म्हणाले, "हो रे. गेली सकाळी. तुला करणारच होतो... अजून आंघोळ घालायचीय तिला." घरात आंघोळीचं पाणी तापत होतं आणि पोस्टर तयार होऊन फिरतसुद्धा होतं. खिडकी उघडायला हात गेला, पण एसी बसची खिडकी उघडत नाही. तोंडावर रुमाल धरून बसून राहिलो.

दुःख नंतर झालं. आधी किळस आली. गेलेल्या माणसावर लिहिताना अशी सुरुवात करू नये हे मला कळतं. पण ताईंवर लिहायचं तर किळसेला टाळून पुढे जाता येत नाही. तो त्यांचाच प्रांत होता. 'शी' हा शब्द त्या ज्या जोरानं म्हणायच्या, तसा मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नाही. वाढलेल्या नखांना शी, ओल्या मॅटला शी, आणि सगळ्यात मोठी शी खोटं पडणाऱ्याला. ही शेवटची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

मी करमाळ्याचा. वडील तिथं सायकली दुरुस्त करतात. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच, त्यामुळे पुण्यात आलो तेव्हा बॅगेपेक्षा घरच्यांच्या अपेक्षाच जास्त जड होत्या. स्वारगेटच्या मागच्या बाजूला कॉट बेसिसवर राहायचो. मेसकडे जाताना वाटेत एक शाळा लागायची. संध्याकाळी तिच्या वरच्या मजल्यावरून धप्प, धप्प असे आवाज यायचे, जणू कुणी गाद्या झोडपतंय. एक दिवस जिना चढून गेलो. पांढरे जाड सदरे घातलेली माणसं एकमेकांना आपटत होती आणि आपटलेली माणसं उठून वाकून नमस्कार करत होती. दाराशी पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. केसांचा घट्ट अंबाडा, चष्म्याला मागून दोरी.

"बघायला आलात की पडायला?" त्यांनी विचारलं.

"बघायला," मी म्हणालो.

"बघायला तिकीट असतं. पडणं फुकट आहे. चपला बाहेर." आणि माझ्या हातांकडे बघून, "अहो, ही नखं आहेत की खुरपी? तो नेलकटर घ्या खुंटीवरचा. आधी ते."

ताईंशी माझी ओळख अशी नखं कापत झाली.

त्या शिकवायच्या ते जुनं जपानी जुजुत्सू. हातात शस्त्र नाही, अंगात फार ताकद लागत नाही. समोरच्याचं मनगट, कोपर, खांदा योग्य जागी धरायचं, त्याचा तोल जिकडे जातोय तिकडेच त्याला न्यायचं आणि खाली आणायचं. ऐकायला सोपं. पण पहिले कित्येक महिने ताईंनी मला कुणालाही खाली आणू दिलं नाही, नुसतं पडायला शिकवलं. त्याला 'उकेमी' म्हणतात. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात सबंध मॅटवर आपटायचा, म्हणजे मार अंगात न जाता मॅटमध्ये जातो. माझ्या दंडांवर निळे-हिरवे डाग उठले. गावी गेलो तेव्हा आई म्हणाली, "पुण्यात नोकरी करतोस का मार खातोस?" मी म्हणालो, "दोन्ही." वडील मात्र डाग बघून म्हणाले, "चांगलं हाय. पडायची सवय पायजे." सायकलवाल्याला ते बरोबर कळलं.

व्यायामाला आकडे मोजायचे तेही जपानीत. इची, नी, सान, शी... प्रत्येकानं आळीपाळीनं पुढे उभं राहून मोठ्यानं. माझा आवाजच निघेना. "घरात कुणी गेलंय का?" ताई म्हणाल्या. "इतकं हळू कोण मोजतं? पुन्हा." मला तेव्हा ऑफिसात मीटिंगमध्ये तोंड उघडायची भीती वाटायची. इंग्रजी वाचलेलं सगळं समजायचं, पण बोलायला गेलो की समोरच्याच्या भुवया दिसायच्या. जपानीत मात्र हॉलमधले सगळे सारखेच अडाणी होते. तिथं कुणाची कॉन्व्हेंट नव्हती, कुणाचे उच्चार माझ्याहून बरे नव्हते. त्यामुळे मी ओरडलो. खिडकीतली कबुतरं उडाली. ताई म्हणाल्या, "आता माणूस आला हॉलमध्ये." त्यानंतर कधीतरी, नक्की कधी ते आठवत नाही, ऑफिसातही माझा आवाज यायला लागला. मला बढती मिळाली तेव्हा मॅनेजर म्हणाला, यू हॅव ग्रोन अ स्पाइन. पाठीचा कणा उगवला म्हणे... तो कुठल्या मॅटवर उगवला ते मी त्याला सांगितलं नाही.

ताई पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून होत्या. त्यांच्या वस्तीतल्या, घरातल्या, नोकरी लागलेल्या पहिल्या बाई. तरुणपणी कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडे त्या हे शिकल्या. तिथं बाकी सगळे पुरुष. एकदा चहा पिताना त्यांनी मला सांगितलं, "मी हात लावायचा अवकाश, ते पडायचे रे. धाडकन. बाई आहे, बिचारी आहे, पडूया. वर म्हणायचे, वा साळवे, तुमच्या मानानं फार छान. 'तुमच्या मानानं' हे मी ऑफिसातही ऐकत होते. मला घरी जाऊन तोंड धुवावंसं वाटायचं. एक दिवस गुरुजींना म्हटलं, मला असा माणूस द्या जो पडणार नाही. त्यांनी त्यांचा पुतण्या दिला. दगड होता नुसता. वर्षभर हलला नाही. मग एक दिवस पडला... तो आवाज काय सुंदर होता सांगू!" हे सांगताना त्यांचा चहा गार झाला होता.

म्हणून त्यांच्या क्लबात एकच नियम होता: कुणी कुणासाठी पडायचं नाही. टाकणाऱ्याचं चुकलं तर उभं राहायचं आणि सांगायचं, लागलं नाही. कुलूप बसलं, म्हणजे सांधा खरंच अडकला, तर हातानं दोनदा थाप मारायची आणि समोरच्यानं त्या क्षणी सोडायचं. खोटी थाप नाही, खोटं पडणं नाही. "समोरचा मोठा आहे म्हणून पडलात, तर तुम्ही त्याला लुबाडताय," असं त्या म्हणायच्या.

विक्रांत त्यांचा सगळ्यात जुना विद्यार्थी. त्याच्याबद्दल मी खोटं लिहिणार नाही. मी त्याच्या हातून सुरुवातीला इतका सुरेख पडलोय की पडतानाही आनंद वाटायचा. मग त्यानं स्वतःची अकॅडमी काढली. आधी बाणेरला, मग हिंजवडीला, मग आणखी कुठे कुठे. आयटीवाल्यांसाठी 'सामुराई माइंडसेट', तीन महिन्यांत रंगीत पट्टा, फोटोसाठी वेगळी भिंत. एकदा त्याचा व्हिडिओ कुणीतरी ताईंना दाखवला. त्यात विक्रांत नुसता हात हलवतोय आणि चार-पाच जण वाऱ्यानं कपडे उडावेत तसे उडतायत. ताईंनी फोन उलटा ठेवला. "याला धरायला कुणी शिकवलं होतं?" त्या म्हणाल्या. "मीच. शी."

मग त्यांच्या किडन्या बिघडल्या. आठवड्यात ठरलेल्या दिवशी डायलिसिस. हॉलला कुलूप लागलं. आणि विक्रांतनं त्यांचा सत्कार ठेवला.

त्या सत्काराची आठवण आली तरी मला अजून तोंडात कडवट लाळ येते. मोठं सभागृह. बाहेर फ्लेक्स, त्यावर 'गुरुमाउली'. ताईंना आयुष्यात कुणी माउली म्हणालेलं नव्हतं आणि म्हणालं असतं तर त्यांनी त्याला हॉलला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. आत धुराचं यंत्र. निवेदिका प्रत्येक वाक्याला "जोरदार टाळ्या!" म्हणत होती. ताईंना पुढच्या रांगेत सोफ्यावर बसवलं होतं, पाय सुजलेले, चप्पल जेमतेम अडकवलेली. त्यांच्या डोक्यावर भाड्याचा फेटा चढवला. त्याला कितीतरी लग्नांतल्या घामाचा आणि अत्तराचा वास येत होता, मला दोन हातांवरून आला. ताईंनी श्वास रोखून धरलेला मी पाहिला. पट्टेवाली पोरं रांग लावून त्यांच्या सुजलेल्या पायांना हात लावत होती आणि प्रत्येकाच्या मागे एकजण मोबाइल धरून. एकानं तर "मॅडम, जरा वर बघा ना" म्हणून पुन्हा पाया पडून घेतलं. काका माझ्या कानात म्हणाले, "दत्ता, हिला पाणी द्यायचं नाहीये जास्त, नाहीतर आता मीच मागितलं असतं. माझाच घसा सुकला."

मग विक्रांत माइकवर म्हणाला, "ताईंनी ज्याला सगळ्यात जास्त वेळा आपटलं, तो त्यांचा लाडका दत्ता इथं आहे. आज गुरूंसमोर त्यांचीच विद्या, त्यांच्याच शिष्यावर!" टाळ्या. मी वर गेलो. जाताना मला काय होणार आहे ते माहीत होतं आणि काय करायचं ते माहीत नव्हतं. पडलो तर ताईंच्या डोळ्यांदेखत त्यांच्या आयुष्यभराच्या कामावर थुंकल्यासारखं. उभा राहिलो तर त्यांच्या एकुलत्या एक सत्काराचा विचका. त्या आजारी होत्या. असा दुसरा दिवस येणार नव्हता.

विक्रांतनं माझं मनगट घेतलं. घेतलं म्हणजे त्यावर बोटं ठेवली. एकेकाळी याच पकडीनं माझा श्वास अडायचा. त्यानं ऐटीत कंबर वळवली, ढोल वाजला... आणि मी जिथं होतो तिथंच होतो. खरं सांगतो, मी अंग ताठ केलं नव्हतं, विरोध केला नव्हता. काही आलंच नाही माझ्यापर्यंत.

तो चकित झाला. त्याच्या चेहऱ्यावर चीड नव्हती आधी, नवल होतं. पुन्हा वळवलं. पुन्हा काही नाही. मग ओठ न हलवता, "पड ना यार."

"लागलं नाही, दादा."

"दत्ता, नाटकं नको. ताई बघतायत."

"बघतायत म्हणूनच."

त्यानं मग खांद्यानं ढकललं. मी एक पाऊल मागे गेलो, इतकंच. विक्रांत माइककडे वळून हसला, "आज दत्ता भलताच फॉर्मात आहे!" लोक हसले. लगेच त्याच्या पोरांचं पथक आलं, त्यानं हात उचलला आणि ती सगळी न ढकलता पडली. धाड, धाड, धाड. टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारी पडलेला एक मुलगा जमिनीवरूनच मला म्हणाला, "काय सर, पडायला काय जातंय?"

रिक्षात ताई मध्ये, काका आणि मी बाजूंना. फेटा काकांच्या मांडीवर. मला वाटत होतं, आता बोलणी बसणार. ताई म्हणाल्या, "कुठं धरलं होतं?"

मी दाखवलं. "धरलं नव्हतं, ताई. ठेवलं होतं."

"कोपर?"

"लांब होतं."

त्यांनी डोळे मिटले. "मेले त्याचे हात. इतकी वर्षं रोज सगळे त्याच्यापुढे उड्या मारतायत... एकानं तरी सांगायचं की रे, लागलं नाही म्हणून." मग काकांना, "तो फेटा बाहेर टाका आधी. मळमळतंय." काका म्हणाले, "भाड्याचा आहे गं." "मग परत द्या. पण माझ्याजवळ नको."

घराशी उतरताना त्यांनी माझा दंड धरला. आधारासाठी धरला होता, तरी बरोबर कोपराच्या वर, जिथून माणूस हलू शकत नाही तिथं. "शनिवारी हॉल रिकामा असतो. कोण घेणार?"

"ताई, मला तर टाकता येत नाही धड. मी नुसता पडायला शिकलोय."

"मी तुझं प्रगतिपुस्तक मागितलं नाही. कोण घेणार ते विचारलं."

हिंजवडी, ट्रॅफिक, शनिवारचं काम, असं काहीतरी पुटपुटलो. पुढे कळलं की विक्रांतनं शाळेच्या मुख्याध्यापिकांकडे हॉल मागितलाय, ताईंच्या नावानं शाखा उघडायला. त्या बाई सरळ होत्या. म्हणाल्या, "साळवे मॅडमचा वर्ग चालू असेल तर मी कुणाला देणार नाही. बंदच असेल तर मला कारण नाही." म्हणजे माझ्या पुटपुटण्यावर तो हॉल जाणार होता, आणि त्या मॅटवर मोबाइल धरून पोरं उडणार होती. त्या चित्रानं मला जिना चढायला लावला. गुरुभक्ती वगैरे नंतरची गोष्ट. मला ते सहन होणार नव्हतं, एवढंच.

वर्ग घेतल्यावर मी ताईंना पत्र लिहिलं. फोनवर त्यांना धाप लागायची, आणि तोंडानं सांगायचा मला धीर नव्हता. काकांनी ते डायलिसिस चालू असताना वाचून दाखवलं. "शेवटचा भाग पुन्हा वाचायला लावला," एवढंच ते मला म्हणाले. पुढच्या आठवड्यात ताई गेल्या.

स्मशानात विक्रांतची पोरं पांढऱ्या सदऱ्यांत दोन रांगांत उभी होती. एकजण चितेपासून मागे मागे सरकत सगळं चित्रित करत होता आणि सरकता सरकता काकांना धडकला. "सॉरी अंकल, जरा बाजूला," तो म्हणाला. काका बाजूला झाले. स्वतःच्या बायकोच्या चितेपासून बाजूला झाले... त्याच्यावर मी हात उचलला नाही, कारण ताईंनी तसं शिकवलं नव्हतं. पण त्या दिवशी घरी येऊन मी हातपाय घासघासून धुतले, ते अंत्ययात्रेहून आलो म्हणून नाही.

ते पोस्टर अजून फिरतंय. त्यातल्या ताई मला माहीत नाहीत. मला माहीत असलेल्या ताईंना मी पाठवलेलं पत्र काकांच्या परवानगीनं इथं देतो.

"ती. ताईंस,

सप्रेम जय भीम.

आज शनिवारी हॉल उघडला. कळवायला वाईट वाटतं की मॅटची अवस्था तुम्हाला बघवली नसती. उंदरांनी कोपऱ्यात घर केलंय, खालच्या बाजूला बुरशी, आणि वास असा की पहिल्यांदा मी बाहेर जाऊन उभा राहिलो. सात माणसं आली होती. त्यांना म्हटलं, आज जुजुत्सू नाही, आज फिनेल. दोघं तिथूनच घरी गेली. बाकीच्यांनी मॅट गच्चीवर नेऊन घासल्या. नखं सगळ्यांची तपासली. एकाला परत पाठवला.

उरलेल्या वेळात थोडंसं घेतलं. सानिका म्हणून बँकेत काम करणाऱ्या एक बाई आहेत. विक्रांतदादांच्या शाखेत होत्या, कमरेला केशरी पट्टा आहे. दाखवण्यासाठी मी त्यांचं मनगट धरायला हात पुढे केला, तर त्या धाडकन पडल्या. मी धरायच्या आत. पडून माझ्याकडे बघत होत्या, बरोबर पडले ना, अशा. मला फार कसंतरी झालं, ताई. त्यांचा राग नाही आला. कुणीतरी एका चांगल्या बाईला हे शिकवलंय याची शिसारी आली.

मी त्यांना म्हटलं, मॅडम, तुम्ही फक्त उभ्या राहा. मी चुकलो तर पडू नका. त्या म्हणाल्या, 'सर, पण मग तुमचं वाईट दिसेल.' मी म्हटलं, दिसू दे.

मग धरलं. तुम्ही सांगता तसं अंगठा खाली, कोपर जवळ, कंबर वळवली. त्या पडल्या नाहीत. पुन्हा केलं. नाही पडल्या. सगळे बघत होते आणि मला घाम फुटला. शेवटी वेळ संपली. कुणीतरी हसलं. सानिकाबाई मात्र हसल्या नाहीत. स्वतःच्या पायांकडे बघत होत्या, जणू ते पहिल्यांदाच पाहिले. जाताना दारात म्हणाल्या, 'सर, खरंच लागलं नाही.' किती मोठ्यानं म्हणाल्या, तुम्ही ऐकायला हवं होतं.

तुम्ही विचारलं होतं कोण घेणार. मी घेतोय. येत नाही तरी घेतोय. माझं कुठं चुकतंय ते कळत नाही, भेटायला येईन तेव्हा माझं मनगट धरून दाखवा. तोवर त्यांना सांगून ठेवलंय, येत्या शनिवारीही उभ्याच राहा.

तुमचा,
दत्ता"